केसांचा उभार

‘पातळ केस’ हा शब्द व्यवहारात सरसकट वापरला जात असला, तरी त्यात दोन निराळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. प्रत्येक केस मुळातच बारीक असणे ही एक, आणि केस संख्येने कमी, म्हणजे विरळ असणे ही दुसरी. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); यांतल्या खालच्या टोकाजवळचे केस डोक्यावर लाखभर असले, तरी चपटे बसतात. अशा केसांवर पूर्वी गंगावन, म्हणजे वेणीत किंवा अंबाड्यात मिसळायचे जादा केस, हा उपाय होता; मोकळ्या केसांना मात्र उभार आतूनच द्यावा लागतो.

चपटेपणाचे एक कारण तेल हे आहे. टाळूतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ सरळ, बारीक केसावरून चटकन खाली उतरतो आणि केस एकमेकांना चिकटतात. म्हणून खोबरेल लावायचे ते न्हाण्याआधी, आणि कंडिशनर लावायचा तो केसांच्या मध्यापासून टोकांकडे. मुळांशी लावलेला कंडिशनर पुढची सारी मेहनत वाया घालवतो.

खरी किमया केस वाळण्याच्या वेळी घडते. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व ओल गेली की पुन्हा जुळतात. त्यामुळे केस ज्या स्थितीत वाळतो, तीच स्थिती तो धरून ठेवतो. (पर्मिंगमध्ये रसायनाने तोडले जाणारे डायसल्फाइड बंध याहून पुष्कळ बळकट असतात, आणि म्हणूनच ती लाट धुऊन जात नाही.) डोक्याला चिकटून वाळलेला केस नंतर कितीही विंचरला तरी उठत नाही. यासाठी ओल्या मुळांना लिंबाएवढा मूस, म्हणजे केसावर पातळ थर धरणारा फेस, लावून, मान खाली घालून, बोटांनी मुळे उचलत गरम वारा द्यावा, भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला पाडून तीच क्रिया करावी आणि शेवटी थंड वारा देऊन केस निवेपर्यंत त्यांना हात लावू नये. हा हात न लावण्याचा काळ नवशिक्यांना सर्वांत अवघड जातो, आणि बहुतेकांचे काम तिथेच बिघडते.

उभाराला साथ देणारा विस्कटलेपणाचा आभास हाही नियोजनाचा भाग आहे. टाँगवर, म्हणजे केस कुरळे करणाऱ्या गरम दांडीवर, बटा आलटून पालटून विरुद्ध दिशांना गुंडाळल्या, टोके सरळ सोडली आणि गार झाल्यावर ब्रशऐवजी बोटांनी सोडवल्या, की शेजारच्या बटा एकमेकींत मिसळून सपाट होत नाहीत. मिठाचा फवारा केसांना खरखरीत करून पकड देतो, पण कोरडेपणाही देतो; तो रोज वापरू नये.

बॅककोंबिंग, म्हणजे फणी टोकाकडून मुळांकडे फिरवून आत गुंत्याची गादी तयार करणे, झटपट उभार देते. मात्र केसाच्या बाह्य आवरणाचे खवले कौलांसारखे एकावर एक, टोकाकडे उतरते रचलेले असतात, आणि उलट्या फणीने ते उचकटतात. बारीक केसाला ही झीज लवकर भोवते. हा उपाय समारंभापुरताच आणि डोक्याच्या माथ्यावरच्या दोन-तीन बटांपुरताच राखणे योग्य. तीच सावधगिरी कापणीत हवी: विरळ केसांना फार लेअर दिले की टोके झिरझिरीत दिसतात, तर हनुवटी ते खांद्यांदरम्यानची, टोकाला एकसारखी कापलेली लांबी वजन कमी ठेवून दाटपणा दाखवते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, तेच हायड्रोजन बंध हवेतल्या ओलीने सुटू लागतात आणि सकाळचा उभार दुपारी बसतो. त्या वेळी आणखी फवारे मारू नयेत, कारण त्यांच्या वजनाने केस अधिकच खाली बसतात. बोटांनी मुळे हलवून क्षणभर ड्रायरची ऊब द्यावी. आणि बॅककोंबिंग केलेलेच असेल, तर झोपण्यापूर्वी तो गुंता रुंद दातांच्या फणीने, टोकांपासून सुरुवात करून मुळांकडे सरकत, सावकाश सोडवावा.