रामदऱ्याची वाट

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे, हडपसर मागे टाकावे, की 17-18 किलोमीटरवर लोणी काळभोर येते. इथून जवळच थेऊर. क्षयाने खंगलेल्या थोरल्या माधवरावांनी 1772 मध्ये तिथे चिंतामणीच्या पायाशी देह ठेवला. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. गावापलीकडे डोंगराच्या कुशीत रामदरा. तळ्याच्या पाण्यात उभे असलेले ते महादेवाचे मंदिर पाहिले की प्रवासाचा शीण उतरतो.

लोणीला माझी धाकटी बहीण दिली आहे. 2024 च्या श्रावणात आम्ही रामदऱ्याला निघालो, तेव्हा नऊ वर्षांचा भाचा वाटेत सारखा अडखळत होता. बहीण म्हणाली, ‘‘दादा, सकाळी उठला की याचं डोकं दुखतं, उलटी होते. दुपारी पुन्हा बरा!’’ विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकण्यात माझी वीस वर्षे गेलेली. ‘‘शाळा बुडवायची युक्ती आहे ही,’’ मी निकाल दिला. शेजारणीने दृष्ट काढली. पंधरा दिवसांनी पोर अंगणातच तोल जाऊन पडले.

लहान मेंदूत गाठ होती. मेडुलोब्लास्टोमा हे तिचे नाव. 1925 साली बेली आणि कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी ठेवलेले. लहान मेंदू तोल सांभाळतो, म्हणून ते अडखळणे. गाठीने मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, रात्री आडवे झोपल्यावर दाब वाढतो, म्हणून ते सकाळचे दुखणे. सारे लक्षण समोर होते. मला वाचता आले नाही.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. पुढे खारघरला टाटा स्मारक रुग्णालयाच्या केंद्रात सहा आठवडे मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरण दिले. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवीत. त्यानंतर कित्येक महिने औषधे. याच केंद्रात 2023 पासून प्रोटॉन किरणांचीही सोय झाली आहे. ते गाठीपाशी थांबतात, पलीकडच्या निरोगी अवयवांना कमी इजा होते. तीन वर्षांखालच्या बाळांना मात्र किरण शक्यतो टाळतात, कारण मेंदू अजून वाढत असतो. योग्य उपचार वेळेवर मिळाले तर या आजाराची निम्म्याहून अधिक मुले बरी होतात, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा बहिणीने पहिल्यांदा पोटभर जेवण केले.

यंदाच्या श्रावणात पुन्हा रामदऱ्याला गेलो. भाच्याला पाढे आठवायला आता वेळ लागतो, उंची जरा मागे पडली आहे, ठरावीक महिन्यांनी तपासणीला जावेच लागते. पण तो माझा हात न धरता पुढे चालत होता. मुखवटा त्याने घरी खुंटीला टांगला आहे. मित्रांना भीती घालतो म्हणे.

तळ्याच्या काठाशी थांबून तो म्हणाला, ‘‘मामा, आता डोकं दुखलं तर सांगू ना?’’

‘‘सांग बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘लगेच सांग.’’

वाचकहो, तुमच्या घरचे पोर सांगेल, तेव्हा ऐका.