उमरठच्या वाटेवर एक चेहरा

सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या सान्निध्यात वसलेले महाड हे जुने व्यापारी गाव. एके काळी भरतीच्या पाण्याबरोबर बाणकोटच्या खाडीतून लहान गलबते येथवर येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. आजचा प्रवासी रायगडाकडे वळण्यापुरता येथे थांबतो, चवदार तळ्याला वंदन करतो आणि पुढे जातो. मी मात्र गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस येथे मुक्काम केला, तो एक विद्या शिकण्यासाठी. संगणकाच्या पडद्यावर माणसाची मूर्ती घडवण्याची ती विद्या.

माझे गुरू वयाने बावीस वर्षांचे. आतेभावाचे बाजारपेठेत कापडाचे दुकान आहे, त्यांचा हा धाकटा चिरंजीव. वाणिज्य शाखेचा पदवीधर. २२ जुलै २०२१ च्या महापुरात दुकानातील ठाण, खतावण्या, सारे चिखलात गेले. त्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांत माडीवर बसून मुलाने हे शिकायला आरंभ केला. वडिलांना वाटले, पोर दुःख विसरण्यासाठी काही खेळते आहे. चार वर्षे झाली, तरी खेळ थांबेना. तेव्हा त्यांनी मला फोन केला. “दादा, तुम्ही कर्जाचे प्रस्ताव तपासत होतात. हाही एक तपासून पाहा.”

तपासायचे तर आधी समजले पाहिजे, म्हणून मी शिष्यत्व पत्करले.

आरंभ एका घनाने होतो. घनाला ६ बाजू. प्रत्येक बाजूचे चार भाग करा, झाल्या २४. पुन्हा करा, ९६. आठव्या वेळी ही संख्या ३,९३,२१६ होते. चक्रवाढ व्याजाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तोपर्यंत घनाचे कोपरे विरघळून गुळगुळीत गोळा झालेला असतो आणि मग दाबाची जाणीव असलेल्या लेखणीने तो मातीसारखा दाबायचा, ओढायचा, खरवडायचा. डोळ्यांच्या खोबणी, कपाळाचे हाड, जबडा. अखेरीस या दाट जाळ्यावर विरळ, नेटक्या चौकटींचे दुसरे जाळे बसवतात. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती ते वलयाकार असावे लागते, कारण तेथील स्नायू तसेच आहेत. वलय चुकले की मूर्ती बोलताना गाल फाटल्यासारखा दिसतो. मला सर्वांत अवघड गेला तो कान. साठ वर्षे माणसांच्या समोर बसून व्यवहार केले, पण कानाच्या मागची बाजू मस्तकाला कोठे मिळते हे कधी पाहिलेच नव्हते.

या कामासाठी तो वापरतो ते ब्लेंडर नावाचे साधन विनामूल्य आहे, आणि त्यामागील व्यवहार आपल्या वाचकांना रुचेल. टोन रोझेनडाल या डच गृहस्थांनी ते तयार केले. २००२ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा गुंतवणूकदारांनी एक लाख युरोंच्या बदल्यात ते सर्वांसाठी मुक्त करण्यास संमती दिली. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत ही रक्कम उभी राहिली. धर्मशाळा बांधावी, तशी ही बांधली गेली. २०२४ चा ‘फ्लो’ हा लाटव्हियन चित्रपट याच साधनाने घडला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. हे मी आतेभावास सांगितले. ते म्हणाले, “लाटव्हियाचे ठीक. महाडचे काय?”

महाडचे काय, हे पाहण्यासाठी आम्ही दोघे गांधारपाल्याच्या लेण्यांत गेलो. महामार्गालगतच्या टेकडीत सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. मुख्य लेण्याच्या गर्भगृहात मधोमध एक चौकोनी शिलाखंड राखलेला असून त्याच्या पुढील अंगावर आसनस्थ बुद्ध आहेत. इतरत्र काम अपुरे राहिले आहे. पर्यटक अपुऱ्या बाजूकडे पाठ फिरवतो. आमचा मुलगा तेथेच अर्धा तास बसला. आकार आधी ढोबळ कसा सोडवला, तपशील मागे कसा ठेवला, हे त्या अर्ध्या राहिलेल्या दगडातच दिसते. पूर्ण झालेली मूर्ती आपली कृती लपवते. “काका, हेही आधी घनच होते,” तो म्हणाला.

त्याच सायंकाळी मी त्याला ठक्कुर फेरूंची ओळख करून दिली. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेले हे श्रावक, इ. स. १३१५ मध्ये त्यांनी ‘वास्तुसार’ हा प्राकृत ग्रंथ रचला. नाण्यांची पारख करणाऱ्याने मूर्तीचीही मापे द्यावीत, याचा मला निवृत्त बँक अधिकारी म्हणून विशेष संतोष आहे. आसनस्थ जिनमूर्तीत एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंत, डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्यापर्यंत आणि आसनापासून केसांच्या कडेपर्यंत, अशी चारही सूत्रे समान असावीत, असे ते सांगतात. मुलाने पडद्यावरील सरावाच्या मूर्तीला चार रेघा लावून पाहिल्या. मूर्ती थोडी बुटकी होती. तिला सावरताच ती शांत बसली.

पण तीर्थंकर लांछनावरून ओळखले जातात, चेहऱ्यावरून नव्हे. तेथे माप पुरते. मुलाला घडवायचे होते ते तानाजी मालुसरे, आणि माणसाला माप पुरत नाही.

महाडपासून अठरा-वीस किलोमीटरवर पोलादपूर, आणि त्याच तालुक्यात डोंगरांच्या कुशीत उमरठ. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह मढे घाटाने याच गावी आणला, अशी परंपरा आहे. समाधी आहे, पुतळा आहे. त्यांच्या हयातीतले विश्वासार्ह चित्र मात्र नाही. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने त्यांचा पराक्रम घरोघरी पोहोचवला. चेहरा ज्याने त्याने आपल्या मनात रंगवला. १० जानेवारी २०२० रोजी ‘तान्हाजी’ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील गड, कडे, रात्र, यांतील मोठा भाग संगणकावर घडवलेला आहे आणि ते काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण समाधीपाशी भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी जे सांगितले, ते मला विसरता येत नाही. “पोरं येतात आन् इचारतात, ह्यो पुतळा शिनेमातल्यावानी का दिसत न्हाई?”

तीनशे पन्नास वर्षे मोकळी राहिलेली जागा एका नटाच्या चेहऱ्याने भरून गेली. यात नटाचा दोष नाही. पण ज्या तालुक्यात तानाजी चालले-फिरले, तेथील मुलांना आपल्या आजोबांच्या नाकाडोळ्यांत त्यांना शोधण्याची गरज उरू नये, हे मला बरे वाटले नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही पोलादपूरच्या एसटी स्थानकावर काढले. महाबळेश्वरकडे चढणारी आंबेनळी घाटाची वाट येथूनच फुटते. डोंगरातल्या वाड्यांतील माणसे येथे उतरतात. मुलगा आधी परवानगी मागे, मग वहीत रेखाटने करी. चेहऱ्यांपेक्षा त्याने पाय अधिक काढले. चढ-उतारावर आयुष्य गेलेल्या माणसाची पोटरी उंच आणि आवळ असते, पायाची बोटे फाकलेली असतात, खांदे रुंद असले तरी मांस थोडे. व्यायामशाळेत कमावलेली छाती या स्थानकावर एकाही वृद्धाकडे नव्हती, आणि यांतील कोणीही कडा चढून गेला असता, असे पाहताक्षणी वाटे.

महाडला परतल्यावर त्याने जुने धड पुसून टाकले आणि नव्याने गोळा घेतला. मी माझ्या आतेभावास लेखी अभिप्राय दिला, जसा बँकेत देत असे: कौशल्य खरे, परिश्रम नियमित, उत्पन्न अनिश्चित, तारण म्हणून उमेदवाराची चिकाटी. दोन वर्षांची मुदत द्यावी, सकाळी दुकान आणि दुपारनंतर माडी. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि होकार किंवा नकार काहीच दिला नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री ते प्रथमच माडीवर आले. पडद्यावर अपुरा तानाजी सावकाश फिरत होता. त्यांनी सर्व बाजूंनी पाहू दिले, मग चश्मा काढून म्हणाले, “पागोटे म्हणजे टोपी आहे काय, डोक्यावर ठेवून द्यायला? कापडाला वजन असते, पीळ असतो. हा पीळ कानामागे आलाच नाही.” खाली जाऊन त्यांनी पांढऱ्या सुती कापडाचे ठाण आणले, फरकन उलगडले आणि मुलाला समोर बसवून त्याच्याच डोक्याला बांधायला घेतले. पहिला वेढा होताच मुलगा मला म्हणाला, “काका, मोबाईल घ्या. चारही बाजूंनी फोटो काढा, आणि कानामागून आधी.”