पूर्ण नाव सांगा!



दहावीचा निकाल लागला की नांदेड जिल्ह्यातली आपली कितीतरी मुले 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीसाठी लातूरला जातात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर भाड्याने खोली शोधतात. घरमालक नाव विचारतो. मुलगा नाव सांगतो. "तसं नाही, पूर्ण नाव सांगा!" कांबळे, सोनकांबळे, वाघमारे असे काही कानी पडले की "खोली कालच गेली हो" असे उत्तर मिळते. आडनावावरून उमगले नाही तर गाव विचारतात. गावावरूनही कळले नाही तर गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारतात. 'जात' हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढीत नाही. २०१६-१७ पासून शासनाची स्वाधार योजना आहे. तिने भाड्याचे पैसे मिळतील, पण दार कोण उघडणार?

कचेरीतही तेच. आम्ही कारकुनी करतो. "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो!" असे कोणी कौतुकाने म्हणतो. बढतीची यादी लागली की "तुमचं बरं आहे बुवा, सरकारचे जावई!" चार माणसे हसतात, आपणही हसतो. यात मारहाण नाही, उघड शिवी नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचे काय? हसण्याचा पंचनामा कसा होणार? म्हणून माणूस गप्प बसतो. रात्री घास गोड लागत नाही, झोप येत नाही, आणि घरच्यांना कारण कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्या भाचीला लातुरात तीन ठिकाणी नकार मिळाला. पोरगी रडली नाही. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "मामा, आडनावाऐवजी गावाचं नाव लावलं तर चालत नाही का हो?" आमच्या काळजात चर्र झाले. दार बंद केले दुसऱ्याने, आणि दोष ती आपल्या नावात शोधत होती!

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण लागतो तेव्हा वेदना होणारच. पण त्या वेदनेवर शोक करीत बसणे म्हणजे स्वतःला दुसरा बाण मारून घेणे. अपमान हा पहिला बाण. तो मारणाऱ्याशी कायद्याने आणि संघटनेने लढायचे. 'माझ्यातच काही उणे आहे' ही लाज म्हणजे दुसरा बाण. तो आपल्या लेकरांच्या काळजातून आपणच उपटून काढला पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीस गेले. अमेरिका-इंग्लंडात शिकलेल्या या माणसाला तिथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका धर्मशाळेत उतरावे लागले, आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. ती आठवण आली की डोळे भरून येतात, असे त्यांनी जवळजवळ अठरा वर्षांनी लिहून ठेवले. महामानवाला ज्याची लाज वाटली नाही, ते आपण का लपवावे?

म्हणून रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास यासाठी ठेवा. मुलांना बोलू द्या. "सोड रे, मनावर घेऊ नको" असे म्हणू नका, ऐकून घ्या. लातुरात, नांदेडात ज्यांची घरे आहेत त्यांनी एखादी खोली आपल्या मुलांसाठी राखावी. कुठे सरळ दार उघडते, त्या घरांची यादी विहाराच्या फळ्यावर लावावी.

आणि मुलांना नामांतर सांगा. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून हा मराठवाडा १९७८ पासून १९९४ पर्यंत लढला. त्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा १९७८ मध्ये जीव घेतला गेला. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये प्राण दिले. घरमालकाचा चेहरा ज्या आडनावांनी बदलतो, तीच ही आडनावे. भाचीला आम्ही हेच सांगितले. पूर्ण नाव विचारले तर पूर्ण नाव सांगायचे, मान वर करून!