तीस वर्षं चार महिने

विजेवरची स्कूटर घ्यायची, असा ठराव आमच्या सौ.नी एका रविवारी पोह्यांबरोबर मांडला. मी बँकेतला कारकून आणि त्यातून बी. कॉम. कुठलाही ठराव पुढे आला की माझा हात आपोआप पाठकोरा कागद शोधू लागतो.

पेट्रोल शंभराच्या वर. आमची जुनी चेतक लिटरला चाळीस किलोमीटर देते. (देते म्हणजे, मनात आलं तर.) म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. विजेवरच्या गाडीला शंभर किलोमीटरला तीनेक युनिटं लागतात. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी किलोमीटरला तीस पैसे.

"बघा! दोन रुपये वीस पैसे वाचले," सौ. म्हणाल्या.

पण कारकुनाने वरची बेरीज बघून हुरळायचं नसतं. आमचं घर ते डोंबिवली स्टेशन तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा, महिन्याचे दीडशे. बचत रुपये तीनशे तीस. गाडीची किंमत एक लाख वीस हजार. ती वसूल व्हायला तीस वर्षं चार महिने. मी आज सत्तेचाळीसचा. म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी मी स्कूटरवर फुकट हिंडायला मोकळा! तोवर ती बॅटरी टिकायची नाही, आणि माझ्या गुडघ्यांचीही हमी कुणी दिलेली नाही.

"आणि हे बघ," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला, "रोजच्या चौतीस किलोमीटरांतले अठ्ठावीस मी विजेवरच करतो."

हे खरंच आहे. डोंबिवली ते ठाणे मी गेली चोवीस वर्षं लोकलने जातो. गंमत अशी, की विजेने तेलाची जागा घेता येईल का, ह्या विषयावरची सगळ्यात तावातावाची चर्चा मी त्या लोकलमध्येच ऐकली आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून एक गृहस्थ म्हणत होते, "हे विजेबिजेचं आपल्या देशात शक्य नाही हो!" आणि गाडी त्यांना विजेवर मुंब्य्राच्या पुढे घेऊन चालली होती. ठाण्याला आगगाडी पहिल्यांदा आली १६ एप्रिल १८५३ रोजी. साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं कोळसा खात, धूर ओकत तिला ओढून घेऊन आली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्ही.टी.हून कुर्ल्याला विजेची गाडी सुटली आणि पुढच्या पाचेक वर्षांत वीज घाट चढून पुण्यापर्यंत गेली. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, शक्य नाही हो.

सौ. गप्प बसल्या. पण खरा विरोध दुसऱ्या खोलीत होता. सोसायटीत आम्हांला पार्किंग एकच, आणि तिथे बाबांची चेतक उभी. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली ती गाडी. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. चालवणं डॉक्टरांनी बंद केलंय, पण रोज सकाळी ते तिला पुसतात, तिरकी करून दोन किका मारतात आणि परत स्टँडवर लावतात.

त्यांना आपल्या बाजूला ओढावं म्हणून मी म्हटलं, "नाहीतरी ही वीज येते कुठून? कोळसा जाळूनच ना? म्हणजे धूर डोंबिवलीतून उचलायचा आणि चंद्रपूरला नेऊन सोडायचा!"

इथे माझं चुकलं. बाबांची उमेदीची वर्षं ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये गेलेली. रेल्वेने स्वतःच्या गाड्यांसाठी बांधलेलं, उल्हास नदीचं पाणी पिणारं, कोळशावर चालणारं वीजघर. ते १९८०च्या दशकात बंद पडलं. लोकांच्या घरी आजोबांचा फोटो असतो, आमच्याकडे त्या चिमण्यांचा आहे.

"कोळशाला नावं ठेवू नकोस," बाबा म्हणाले. "आम्ही एका जागी जाळायचो, मोजून जाळायचो. तुझ्या स्कूटरचं इंजिन शंभरातल्या पंचाहत्तर रुपयांची नुसती आंच करतं. मोटर करत नाही. आणि उद्या कोळशाऐवजी ऊन-वारा आला, तर वीजघर बदलतं, गाडी तीच राहते. ह्या चेतकला तू ऊन पाजून दाखव!"

"मग ट्रकही विजेवर चालतील म्हणा ना!"

"लोकलला जेवण वरच्या तारेतून मिळतं. ट्रकला डबा पाठीवर घेऊन निघायचंय. डबाच जड झाला तर माल कुठे भरणार? त्याला वेळ लागेल. पण ठरलेल्या रस्त्यावरची बस का नाही चालणार? एस.टी.ची शिवाई २०२२ सालापासून चालतेच आहे. आणि तुला तर तीन किलोमीटर जायचंय!"

मी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला.

मग सोसायटीची सभा. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागितला तर सेक्रेटरी म्हणाले, "बॅटरीने पेट घेतला तर?" बाबा सभेला कधी जात नाहीत. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. आमच्याच मीटरवरून जाड केबल, वेगळा एम.सी.बी., अर्थिंग, हे सगळं त्यांनी कागदावर काढून आणलं होतं. गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर सोडण्याची माझी कल्पना त्यांनी सर्वांसमक्ष मूर्खपणाची ठरवली. मग सेक्रेटरींना विचारलं, "जिन्याखाली बारा टाक्या पेट्रोल घेऊन झोपता, त्याची भीती नाही वाटत?" ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी पास झाला. सहावं मत सेक्रेटरींच्या सौ.चं होतं.

चेतक न्यायला मेकॅनिक आला त्या सकाळी ती पहिल्या किकला सुरू झाली. इतक्या वर्षांत प्रथमच. पार्किंगभर निळा धूर. बाबा त्या धुरात उभे राहिले, गाडी फाटकाबाहेर गेली तरी हलले नाहीत. मला हिशेबाचा तो कागद खिशात एकदम टोचायला लागला. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी अर्धाच घेतला.

नवी गाडी आली तेव्हा मी विचारलं, "पहिला फेरा कुठे मारायचा?"

"ठाकुर्ली," बाबा म्हणाले.

मागे बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. पॉवर हाऊस होतं त्या अंगाला पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटं ते बघत राहिले. कुठे कोळशाचे डबे लागायचे, कुठे हजेरी व्हायची, कुठे कॅन्टीन होतं, ते मला बोट करून सांगितलं. मग मागे बसले. जरा वेळाने माझ्या पाठीवर थाप पडली.

"अरे, सुरू कर ना लवकर!"

"बाबा, आपण स्टेशनपाशी आलोय."


"असं होय," ते म्हणाले. "मग हॉर्न तरी वाजव. काहीतरी वाजू दे."