पट्टा हवा? पत्ता ताडकळस!

वीकेण्डला ताडकळसला कोण जातं? पूर्णा तालुक्यातल्या या गावात ना रिसॉर्ट, ना सनसेट पॉइंट. पण माझ्या मामांचं एचएमटी ‘जनता’ तिथे आहे, आणि पट्टा तुटल्यापासून ते कपाटात पडून होतं.

स्विस ब्रॅण्ड मुंबईकरांना लखलाभ! आमच्या मराठवाड्यात नवरदेवाची लक्झरी म्हणजे सायकल, रेडिओ आणि मनगटावर एचएमटी. १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या साथीने ही घड्याळं बनू लागली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आतले पार्ट दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढता येतात. चामडं मात्र घामाने कुजतं. रोज वापरलेल्या घड्याळाचा मूळ पट्टा टिकणार कसा?

मामांची अट एकच : ‘पट्टा कंपनीचाच पाहिजे.’

गावातले घड्याळ दुरुस्तीवाले काका हसले. ‘कंपनीचा छाप काय, कोणीबी मारतंय. जुनं बक्कल हाय का?’ होतं. स्टीलचं, एचएमटी कोरलेलं. काकांनी डायल नाही, पट्टा बसतो तिथलं दोन कानांमधलं अंतर मोजलं. १८ मिलिमीटर. साधा, पातळ चामड्याचा पट्टा काढून त्यावर जुनं बक्कल चढवलं.

मामांनी घड्याळ मनगटावर बांधून चावी दिली. मामी म्हणाल्या, ‘अगं बाई, लग्नातलं निघालं की!’

तुमच्याही घरी असं बंद झालेलं मॉडेल असेल, तर तुटका पट्टा खुशाल टाका. बक्कल तेवढं जपून ठेवा. चामडं कुठेही मिळतं.