चमक आल्यानंतरचं काम

आई घासलेलं भांडं नखाने तपासायची. वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत आमचं घर होतं. मागच्या दारी नळ आणि नळाखाली शहाबादी फरशी. चिंचेचा कोळ आणि राख लावून घासलेला तांब्या उन्हात धरला की डोळे दिपायचे. मला वाटायचं, झालं. आई मात्र तांब्याच्या ओठाखाली, पत्रा जिथं वळवलेला असतो तिथं नख फिरवायची, मग बुडाच्या कडेने फिरवायची, आणि नखात राखेची रेघ आली की तांब्या परत नळाखाली. चिंच पितळेवरचा काळपटपणा काढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिचा चोथा सांदीत राहिला तर दोन दिवसांत तिथं हिरवं फुटतं, हे घासणारीलाच ठाऊक असतं. जे लावून भांडं साफ केलं तेही पुरतं निघालं पाहिजे, हा तिचा हट्ट. तो हट्ट मला पुढे धुळ्यात दिसला, जळगावात दिसला, आणि आता माझ्या पोटापाण्याशीच बांधला गेला आहे.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, निर्माणीत कामाला होते. भुसावळ तालुक्यातली ही निर्माणी १९६४ साली उभी राहिली. इथं तयार होतात ती बंदुकांची काडतुसं, ५.५६, ७.६२ आणि ९ मिलिमीटरची. घरी अण्णा कामाबद्दल बोलत नसत, आणि विचारायचं नसतं हे आम्हा पोरांना न सांगता कळलेलं होतं. पितळेबद्दल मात्र ते भरभरून बोलायचे. पितळ ही त्यांच्या दृष्टीने गुपित ठेवण्याची गोष्टच नव्हती. काडतुसाच्या पुंगळीचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. आधी पत्र्याची चकती, चकतीची वाटी, वाटी दाबून ओढून लांबवत लांबवत नळी. प्रत्येक ओढीला पितळ ताठ होत जातं, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करायचं. तापवलं की ते काळवंडतं, म्हणून पातळ गंधकाम्लात बुडवायचं. आणि मग धुवायचं. अण्णा म्हणायचे, आम्लात बुडवणं हे घटकाभराचं काम, आम्ल काढणं हे खरं काम. आईच्या नखाची गोष्ट आणि अण्णांची गोष्ट एकच आहे हे तेव्हा मला उमगलं नव्हतं. ते दोघंही कधी तसं बोलले नाहीत.

पितळेत राहून गेलेली वस्तू काय करते याचा एक किस्सा मात्र अण्णांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेपुढे कोडं पडलं होतं. पेटीत नुसती ठेवलेली काडतुसं पावसाळा आला की चिरायची. कुणी हात लावलेला नाही, आपटलेलं नाही, तरी पुंगळीला उभी चीर. बहुतेक वेळा साठा घोड्यांच्या तबेल्याजवळ असायचा. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पितळ ओढताना त्याच्या अंगात राहून गेलेला ताण, असे तिघे एकत्र आले की धातू फाटायचा. पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटलं. १९२१ मध्ये मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमोनियाचा आणि त्या ताणाचा संबंध नीट मांडून दाखवला. उपाय साधा निघाला, पुंगळीला शेवटी हलकी आच देऊन ताण उतरवणं. पुष्कळ लष्करी काडतुसांच्या मानेभोवती निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो या आचेचा.

हे ऐकल्यापासून कल्हईवाला आला की मी जरा घाबरून त्याच्याकडे पाहायची. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाक झोंबायचं. तो वास अमोनियाचाच. नवसागर तापला की फुटतो, त्यातला आम्लाचा भाग पितळेवरची मळी खातो आणि कथील तिथं चिकटतं. पितळेचा वैरीच पितळेच्या कामाला आणायचा आणि काम झालं की लगेच घालवून द्यायचा. पातेलं थंड पाण्यात बुडवल्याचा चर्र आवाज झाला की मला हायसं वाटायचं.

दादा राज्य राखीव पोलीस दलात लागला, धुळ्याच्या गट क्रमांक ६ मध्ये. अण्णांच्या हातून गेलेलं पितळ दादाच्या हाती आलं असं आई कौतुकाने सांगायची, आणि तसं ते झालंही असेल. दादाकडून मला पहिल्यांदा कळलं की गोळीबाराचा सराव संपला की जवानांची खरी धावपळ सुरू होते ती पुंगळ्या वेचायची. जितकी काडतुसं दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा करायच्या. खान्देशातलं उन्हाळी रान, भेगाळलेली जमीन, वाळकं गवत. रायफलीतून उडालेली पुंगळी कुठल्या भेगेत जाऊन बसेल सांगता येत नाही. वाकून वाकून, गवत बाजूला करून शोधायची. त्यांचा एक जुना हवालदार शेवटपर्यंत उभा राहून म्हणायचा, ‘एक बी कमी नको, भाऊ.’ पुंगळीत माती भरलेली असली तर ती आपटून, फुंकून काढायची. दादाला या कामाचा कंटाळा नव्हता. तो म्हणायचा, गोळी मारायला डोळा लागतो आणि पुंगळी शोधायलाही तोच लागतो.

लग्न होऊन मी जळगावला आले. सासरी सराफ बाजाराच्या मागच्या बोळात दागिन्यांना पॉलिश करण्याचा छोटा कारखाना. जळगाव सुवर्णनगरी म्हणून सांगितली जाते ती दुकानांच्या काचांमुळे, पण त्या काचांच्या मागे अशा बोळांतून घडवणारे, जडवणारे, उजळणारे हात असतात. मी आले तेव्हा दागिना रीठ्याच्या पाण्यात बारीक पितळी तारांच्या ब्रशने धुतला जायचा, मग बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, चढायचा. बफला सोनं झिजतं. ती झीज, बैठकीखालची धूळ, हात धुतलेलं पाणी, काहीही फेकायचं नाही. सगळं साठवायचं आणि झारेकऱ्याला द्यायचं. झारेकऱ्याची बैठक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथून हलले नाही. पसरट भांड्यात कचरा, त्यात पाणी, आणि मनगटाची एकच लय. माती, राख, केस, लाकडाचा भुसा पाण्याबरोबर काठावरून जात राहतो आणि तळाशी काळसर गाळात पिवळा कण चमकतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, माती जेमतेम अडीच-पावणेतीन पट. पाण्याला हा फरक ओळखायला वेळ लागत नाही.

मग आमच्याकडे चुंबकी पॉलिशचं मशीन आलं. वरून पाहिलं तर प्लास्टिकचं गोल भांडं. त्यात साबणाचं पाणी आणि मूठभर स्टीलच्या पिना, शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक, साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि ५ मिलिमीटर लांब. भांड्याखाली चुंबक गरगरा फिरतात, त्यांच्यामागे पिना फिरतात, उसळतात, दागिन्याच्या प्रत्येक सांदीत घुसून घासतात. सोन्याला चुंबकाचं काही देणंघेणं नाही, ते जागच्या जागी राहतं. ब्रशचा केस जिथं पोचत नाही तिथं, मोहनमाळेच्या मण्यांमध्ये, नथीच्या तारेमागे, पिन पोचते. आमचा बंगाली कारागीर पहिल्या दिवशी दागिना पाहून म्हणाला, ‘भाभी, अब तो काम ही नहीं बचा.’

काम उरलं होतं. पिना दागिन्यातून काढण्याचं.

चाळणीवर ओतलं की बहुतेक पिना खाली जातात. उरलेल्या चिकटून बसतात. ओल्या मण्याला ओली पिन चिकटते ती पाण्याच्या पापुद्र्याने, कितीही झटका, सुटत नाही. तोच मणी पाण्यात पूर्ण बुडवून हलवला की पिन लगेच घरंगळते, कारण पाण्याच्या आत धरून ठेवणारा पापुद्राच नसतो. हे मला कुणी शिकवलं नाही, भांडी विसळण्याच्या सवयीने हात आपोआप पाण्यात गेला. पोकळ मण्यात शिरलेली पिन मात्र पाण्यालाही दाद देत नाही. मणी कानाशी धरून हलवायचा, बारीक खुळखुळ ऐकू आली तर भोकातून वळवून वळवून बाहेर काढायची. एका पिनेचं वजन सुमारे ८ मिलिग्रॅम भरतं. सोनं वजनावर विकलं जातं. गिऱ्हाइकाने सोन्याच्या भावाने लोखंड घरी न्यावं, हे मला सहन होणारं नाही, मग ते ८ मिलिग्रॅम का असेना.

दादाचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, तिकडे तो घरातल्या गॅरेजमधला छंद आहे. आजोबांनी घडवायचं, बापाने वेचायचं आणि नातवाने भरायचं, असं आमच्या घरात पितळेचं तिसरं वर्तुळ चालू आहे. एकदा फोनवर त्याने आपलं मशीन दाखवलं. आडवं फिरणारं रबरी पिंप, त्यात पाणी, थोडा साबण, चिमूटभर लिंबूसत्व, पुंगळ्या आणि स्टीलच्या पिना. आमच्यापेक्षा जाड, साधारण एक मिलिमीटरच्या, पण जात तीच. पुंगळ्या बाहेर आल्या त्या आईच्या तांब्यासारख्या झळझळीत, आतूनसुद्धा. मग म्हणाला, ‘आत्या, या पिना काही केल्या सगळ्या निघत नाहीत.’

मी म्हटलं, दाखव. पुंगळीच्या बुडाला प्रायमरच्या ठिणगीसाठी जेमतेम २ मिलिमीटरचं भोक असतं. एक पिन त्यातून आरपार निघून जाते, दोन मिळून आल्या की अडकतात. काही अरुंद तोंडाशी तिरक्या रुतून बसतात. पितळ आणि स्टील दोघांचं वजन जवळजवळ सारखं, पितळ पाण्याच्या साडेआठ पट आणि स्टील आठ पटीच्या आसपास. म्हणजे झारेकऱ्याची युक्ती इथं लागू नाही, दोन्ही बुडतात. वारा देऊन तुरीचा कोंडा निघतो, जळगावच्या डाळ मिलमध्ये तो रोज निघतो, पण इथं वाऱ्यालाही काही उडवता येत नाही. उरली चाळणी आणि चुंबक. चुंबकावर भाच्याचा फार भरवसा होता. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं स्टील मऊ असताना चुंबकाला ओळखसुद्धा देत नाही. थंड अवस्थेत ओढून तार केली की त्याच्या आतली रचना थोडी बदलते आणि ते चुंबकाकडे थोडंफार ओढलं जातं. त्यामुळे मोकळ्या पिना तो उचलतो, रुतलेल्या पिनेला ओढून काढण्याइतका जोर त्यात नसतो. त्याला मी जाळीचं पिंप अर्धं पाण्यात बुडवून फिरवायला सांगितलं. बराच फरक पडला.

तरी एखादी राहतेच. वजन करून शोधावी तर पुंगळ्या पुंगळ्यांच्या वजनातच पिनेपेक्षा जास्त फरक असतो. म्हणजे प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून, डोळा लावून पाहणं, एवढाच मार्ग. पिन आत राहिली तर गोळी झाडताना ती नळीतून जाणार, आणि नळीला ओरखडा पाडायला कठीण स्टील पुरेसं आहे. शेवटी त्याला मी विचारलं, आत एवढं चकचकीत हवंच कशाला? नुसत्या साबणाच्या आणि लिंबूसत्वाच्या पाण्यात फिरव. आतली थोडी काजळी राहिली तर चालेल, पिन राहून चालणार नाही. तिकडचे कितीतरी नेमबाज आता तसंच करतात असं त्यालाही नंतर कळलं. दिसायला जरा मंद दिसतात, म्हणाला, पण आता निवांत भरतो.

आमच्याकडेही पोकळ मणी हल्ली पिनांच्या मशीनला दिले जात नाहीत. भरीव काम, साखळ्या, अंगठ्या तिकडे. पोकळ मणी, मंगळसूत्राच्या वाट्या, कानातली फुगीर फुलं रीठ्याच्या पाण्यात, पितळी ब्रशने. मजुरी तेवढीच मिळते, वेळ दुप्पट जातो. नवीन मुलगा कामावर आला की मी त्याला आधी मशीन दाखवत नाही, हे काम देते.