तुझ्या मांजरीचे केस

दुसरबीड,
फाल्गुन वद्य

चि. छकुली,

तुझी मांजर मजेत आहे. केस गळताहेत म्हटल्यावर तू फोनवर घाबरलीस आणि मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आजारी नाही ती. मांजराचं अंग थंडी-उन्हापेक्षा उजेड मोजतं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. दिवस मोठा व्हायला लागला की थंडीत दाट झालेली आतली मऊ लव सुटते. पावसाळा सरल्यावर पुन्हा थोडी गळते. पुण्यात तुझ्या फ्लॅटमध्ये मध्यरात्रीपर्यंत दिवे, म्हणून तिथे ती बारा महिने थोडे थोडे केस गाळायची आणि तुझ्या लक्षातही यायचं नाही. दिवाळीत तू तिला इथे ठेवलीस तेव्हापासून ती ओसरीत निजते, तिन्हीसांजेला अंधार बघते. आता सगळं एकदम निघतंय. घरभर केस; काकांची टोपी तेवढी सुटली, तीही केसांसारखीच पांढरी आहे म्हणून!

केस घरभर होतात त्याचं मला काही नाही, झाडू आहे. खरी काळजी वेगळीच. मांजराच्या अंगावर जे असतं ते सगळं तिच्या पोटात जातं. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवलं की या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात; त्यांतून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते. सोय मोठी, पण काटे आत वळलेले असल्यामुळे जिभेला चिकटलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस विष्ठेतून निघून जातात. उरलेल्यांची गुंडाळी होते आणि ती मांजर एखाद्या पहाटे ओकते, नेमकी सतरंजीवर.

म्हणून तिने चाटण्याआधी आपणच केस काढायचे. सकाळी ऊन चढायच्या आत मी तिला मांडीवर घेते. उवा काढायची बारीक फणी मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेनेच फिरवते. पिसवा असतील तर त्याही फणीत सापडतात. पोटाला नि शेपटीला फणी लावू देत नाही, तिथे ओला हात फिरवला तरी पुष्कळ निघतात. कानामागे नि काखेत गुंता झाला तर बोटांनीच सोडवते. कात्री नाही, मांजराची कातडी फार पातळ. शेजारीण म्हणाली, उन्हाळा आहे, भादरून टाका. मी साफ नाही म्हटलं. उघड्या कातडीला मे महिन्यातलं ऊन सोसत नाही.

खाण्याचंही सांगते. केस म्हणजे प्रथिनंच, आणि मांजर जात्याच मांसाहारी. दूध-पोळीवर तिचा निभाव लागत नाही. मोठ्या मांजराला दूध पचेलच असंही नाही, पोट बिघडतं. मी उकडलेलं अंडं देते, खडकपूर्णा नदीचे मासे मिळाले तर उकडून काटे काढून. तुझ्या आजीला हे समजलं तर माझी धडगत नाही. पाण्याची वाटी सावलीत दोन ठिकाणी ठेवलीय.

आता जिची मला खरोखर भीती वाटते ती गोष्ट. गावात गुरांवर गोचिडाचं औषध मारतात, त्यात सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन. गाईला, कुत्र्याला जे चालतं ते मांजराला विष ठरतं, कारण ते निकामी करणारी यंत्रणा तिच्या यकृतात फार दुबळी आहे. ती फवारलेल्या गोठ्यात लोळली, घरी येऊन अंग चाटलं, की थरथर नि झटके. म्हणून फवारणीच्या दिवशी ती घरात कोंडलेली असते आणि दिवसभर मला शिव्या देते. फरशीला काळं फिनेल मी बंद केलंय. तेही पंजावरून पोटात जातं. आणि तिला ताप वाटला म्हणून कुणी पॅरासिटामॉल देऊ नये, एक गोळीही जीव घेऊ शकते. पूर्वी आपल्या हातून मांजर मेली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर द्यावी म्हणत. सोन्याचा आजचा भाव बघता कोंडलेलीच बरी.

नुसते केस गळणं आणि चकत्या पडणं यात फरक असतो, तो मी रोज बघते. गोल टक्कल, खवले दिसले तर तो नायटा, मुलांनाही लागतो. पुन्हा पुन्हा उबळ येऊन काहीच पडत नसेल, खाणं सुटलं, शी होत नसेल, तर वाट न बघता डॉक्टर. इथले गुरांचे डॉक्टर बघतीलच; त्यांनी पुढे पाठवलं तर अकोल्याला पशुवैद्यकाची मोठी संस्था आहे, काकांनी गाडीवाल्याला सांगून ठेवलंय.

येताना केस काढायचा रबरी हातमोजा घेऊन ये. इथल्या दुकानात मागितला तर त्याने मला बैलाचा खरारा दाखवला. आणि मांजरीला न्यायचं म्हणत असशील तर आधी काकांशी बोल, मी मधे पडणार नाही.

तुझी,
मावशी